कोंबड्याची भीड

कोंबड्याच्या आयुष्यात साधारण चौथ्या महिन्यापासून आठव्या महिन्यापर्यंत जो काळ येतो त्याला मराठीत स्वतंत्र नाव नाही, आणि ही भाषेची उणीव मानावी की तिचे शहाणपण, याचा निर्णय करणे कठीण आहे. अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीसाठी ‘तलंग’ असा नेटका शब्द आहे. अंडी घालणे थांबवून उबवणीच्या हट्टाला पेटलेल्या कोंबडीसाठी असलेला ‘खुडूक’ हा शब्द तर इतका नेमका आहे की घराबाहेर न पडणाऱ्या माणसांनाही तो बिनदिक्कत लावला जातो. परंतु तुरा नुकताच लाल होऊ लागलेल्या, शेपटीत दोन वाकडी पिसे फुटलेल्या आणि तेवढ्या भांडवलावर जगाविषयी ठाम मते बनवलेल्या नराला सरसकट ‘कोंबडा’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे, कारण बहुतेक घरांत या वयाचा कोंबडा वेगळे नाव पडण्याइतका काळ टिकतच नसे. संस्कृत कोशकारांनी त्या मानाने अधिक बारकाई दाखवली. अमरकोशात कोंबड्याला ‘ताम्रचूड’, म्हणजे तांबड्या तुऱ्याचा, आणि ‘चरणायुध’, म्हणजे पाय हेच ज्याचे शस्त्र आहे असा, अशी दोन्ही नावे दिलेली आहेत. पैकी पहिले नाव त्याला दुरून पाहणाऱ्याने ठेवले असावे आणि दुसरे जवळ गेलेल्याने, असा तर्क करण्यास पुरेशी जागा आहे.

या चरणायुधाला माणसांत वागण्याजोगे कसे वाढवावे, हा प्रश्न तसा अर्वाचीन आहे. पूर्वी त्याचे उत्तर चुलीवर मिळत असे: ज्याच्या पोराला कोंबड्याने टोचले त्याने ओरडत यावे, मालकाने दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात आणि रविवारची वाट पाहावी, अशी ती सुटसुटीत पद्धत होती व तीत वर्तनशास्त्राला वाव नव्हता. आता मात्र बंगल्याच्या परसात, शेतघराच्या आवारात, क्वचित गच्चीवरसुद्धा, घरच्या अंड्यांच्या मोहाने पाच-सहा पिले आणणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला आहे, आणि या वर्गाला रविवारचा उपाय मानवत नाही. एक दिवसाच्या पिलातील नर-मादी ओळखणे ही स्वतंत्र विद्या आहे. १९३०च्या दशकात जपानी तज्ज्ञांनी ती जगभर पोचवली, आणि तीत पारंगत असलेला माणूस पिलाला उलटे धरून त्याच्या गुदद्वाराकडे क्षणभर पाहून निकाल देतो. आठवड्याच्या बाजारात गुलाबी आणि हिरव्या रंगात बुडवलेली पिले पाटीत घेऊन बसणाऱ्या विक्रेत्याकडे ही विद्या नसते, आणि असलीच तरी गिऱ्हाइकाला ती ऐकवण्यात त्याचा काही फायदा नसतो. परिणामी घरातील मूल ज्या पिलाचे नाव कौतुकाने ‘चिंगी’ ठेवते ती चिंगी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एका पहाटे आरवते, आणि नाव बदलण्याची वेळ तोपर्यंत टळून गेलेली असते.

येथे दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. भीती म्हणजे समोरच्यापासून इजा होईल ही धास्ती. भीड म्हणजे इजा होणार नाही हे पक्के ठाऊक असूनही समोरच्याची राखलेली मर्यादा. सासुरवाडीच्या पंगतीत तिसऱ्यांदा भात मागताना जावयाला जे वाटते ती भीड, आणि जेवण झाल्यावर सासऱ्यांनी ‘जरा बोलायचे होते’ म्हणून बाजूला बोलावले असता जे वाटते ती भीती. रानातल्या कोंबड्याकडे भीती भरपूर असते. सह्याद्रीच्या रानांत पहाटे ज्याची तुटक, खरबरीत बांग ऐकू येते तो राखी रानकोंबडा, आणि हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला, घरगुती कोंबड्याचा मुख्य पूर्वज मानला जाणारा तांबडा रानकोंबडा, हे दोघेही माणसाची चाहूल लागताच झुडपात दिसेनासे होतात, आणि वाटसरूच्या पोटरीवर धावून जाण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. (राखी रानकोंबड्याचाही घरच्या कोंबडीत थोडा वाटा आहे, तिची पिवळी कातडी त्याच्याकडून आली, असे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले.) थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातील हाडे पाळीव कोंबड्यांचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा असल्याचे २०२२ मध्ये मांडले गेले, आणि त्या मांडणीप्रमाणे भाताच्या व भरड धान्याच्या शेतीमुळे सांडणाऱ्या दाण्यांनी रानपाखरांना झाडांवरून खाली, माणसाच्या वस्तीत ओढून आणले. म्हणजे हा संबंध मुळापासूनच प्रेमाचा नसून दाण्यांचा आहे, ही गोष्ट कोंबडा कधी विसरत नाही, पाळणारा विसरतो.

वस्तीत राहता राहता भीती गेली, परंतु तिच्या जागी भीड आपोआप येत नाही, आणि अंगणातील बहुतेक रक्तपात या मोकळ्या राहिलेल्या जागेत घडतो. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात तांबड्या रानकोंबड्यांच्या अनेक पिढ्यांतून केवळ माणसाला कमी घाबरणारी पाखरे निवडून त्यांची पैदास करण्यात आली, तेव्हा ती पाखरे अंगाने मोठी झाली आणि शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू लहान झाला. धीटपणा आणि मेंदू यांच्या या व्यस्त प्रमाणाचा कोंबड्यांपलीकडे विस्तार करण्याचा मोह अनेकांना होईल, परंतु प्रस्तुत लेखाची मर्यादा अंगणापुरती आहे.

भीड न येण्याचे पहिले कारण लाड हे होय. एकटे पिलू खोक्यात, दिव्याच्या उबेला, माणसांच्या हातावर वाढवले की ते माणसाळते अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती अर्धीच खरी असल्यामुळे पूर्ण खोट्या समजुतीपेक्षा अधिक घातक आहे. अंड्यातून बाहेर आलेले पिलू पहिल्या काही दिवसांत जी हलती वस्तू पाहते तिला आपले माणूस, किंवा अधिक काटेकोरपणे बोलायचे तर आपले कोंबडे, समजून तिच्या मागे जाते. डग्लस स्पाल्डिंग या निरीक्षकाने १८७३ मध्ये पिलांच्या बाबतीत हे नोंदवले होते, आणि पुढे कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिलांना आपल्यामागे चालायला लावून ते जगाला पटवले. मनावर असा कायमचा ठसा उमटण्याला वर्तनशास्त्रात अंकन म्हणतात. अंकन झालेल्या पिलाच्या लेखी घरातील मंडळी परकी राहत नाहीत, त्याच्याच कुळातली होतात. आणि कुळातल्यांशी काय करायचे असते हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. परक्याशी भांडण होत नाही, त्यासाठी बांध लागून असावा लागतो. खांद्यावर बसून वाढलेला नर वयात आला की समोरच्या माणसाला मालक समजत नाही, थोरल्या चुलतभावासारखा वाटेकरी समजतो, आणि अंगणाचा सातबारा आपल्या एकट्याच्या नावावर व्हावा म्हणून कामाला लागतो. ‘आम्ही त्याला लेकरासारखे वाढवले आणि त्याने हे पांग फेडले’ अशी तक्रार करणाऱ्या कुटुंबांनी मुळात गुन्ह्याची कबुलीच दिलेली असते.

दुसरे कारण रक्तातले आहे. १८४९ मध्ये गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांवर एक प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्यांचा तुरा वाढला नाही, ते नीट आरवले नाहीत आणि भांडलेही नाहीत. उलट काढलेला वृषण ज्यांच्या पोटात दुसरीकडे पुन्हा बसवला त्यांच्यात तुरा, बांग आणि भांडण हे तिन्ही गुण साग्रसंगीत परतले. ग्रंथीतून रक्तात मिसळणारे एखादे द्रव्य हे सर्व घडवते, हा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि संप्रेरकांचे, म्हणजे अशा द्रव्यांचे, शास्त्र या प्रयोगापासून सुरू झाले असे मानतात. ज्या शास्त्राचा उगमच कोंबड्याच्या तोऱ्यात आहे त्याच्याविरुद्ध पाळणाऱ्याने केवळ प्रेमळ शब्दांनी लढावे, हे विषम युद्ध आहे.

संप्रेरकाच्या आगमनाची पहिली वर्दी बांगेतून मिळते. ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत, म्हणजे एक, दोन व तीन मात्रांचे स्वर, समजावताना पाणिनीने ‘उ’ हाच स्वर घेतला, कारण कोंबड्याच्या आरवण्यात या तिन्ही मात्रा क्रमाने ऐकू येतात, असे परंपरेचे स्पष्टीकरण आहे. पाणिनीपुढे अर्थातच पूर्ण वाढलेला कोंबडा असावा, कारण नवशिक्याची पहिली बांग ह्रस्वावर सुरू होऊन ह्रस्वावरच अडकते आणि मे महिन्यातल्या हातपंपाला पाणी लागण्यापूर्वी जो आवाज येतो त्या आवाजात विरते. त्यानंतर तो मान लांब करून आजूबाजूला पाहतो, कोणी हसले तर नाही याची खात्री करून घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. प्लुत साधण्यास त्याला काही आठवडे लागतात आणि शेजाऱ्यांना तेवढा काळही फार वाटतो. बांग शंभर डेसिबलच्या वर जाते. बेल्जियममधील संशोधकांनी असे दाखवले की चोच पूर्ण उघडताना कोंबड्याच्या कानाची वाट आपोआप मिटते, त्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज त्याला इजा करत नाही. स्वतःला ऐकू न येता इतरांना ऐकवण्याची ही सोय निसर्गाने फक्त कोंबड्यालाच दिली आहे, असे अनेक सभांना हजर राहिलेला माणूस म्हणणार नाही. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे थांबत नाही हे आपल्या म्हणीने सांगितलेच होते. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याची दुसरी बाजू सिद्ध केली, ती अशी की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही आपल्या आतल्या घड्याळावर वेळेतच आरवतो. डालग्याखाली कोंडून पहाटेची झोप वाचवता येईल ही आशा तेव्हा म्हणीनेही सोडावी आणि विज्ञानानेही.

बांग साधली की दहा-पंधरा दिवसांत तो नाच दिसतो, आणि पाळणाऱ्याची खरी परीक्षा तेथे सुरू होते. कोंबडा सरळ अंगावर येत नाही. तो प्रथम जमिनीवर काहीच नसलेल्या जागी काहीतरी टिपल्यासारखे करतो. मग तिरका होऊन, एक बाजू समोरच्याकडे करून, दोन पावले आडवी टाकतो. बाहेरच्या बाजूचा पंख हळूच खाली सोडून तो मातीवरून असा फरफटवतो की पिसांचा कोरडा, खसखस आवाज येतो, आणि त्या पंखावर त्याच बाजूचा पाय घासून अर्धे वर्तुळ काढतो. एक डोळा सारा वेळ समोरच्या नडगीवर रोखलेला असतो. मानेभोवतीची पिसे अजून फुललेली नसतात; ती फुलून आयाळीसारखी उभी राहिली की बोलणी फिसकटली असे समजावे. हाच नाच तो कोंबडीपुढेही करतो आणि प्रतिस्पर्ध्यापुढेही. त्यामुळे नाचणाऱ्या कोंबड्याच्या मनात समोरच्या माणसाबद्दल नक्की काय आहे, हा प्रश्न उत्तर न शोधता सोडून देणे दोघांच्याही प्रतिष्ठेला बरे. नेमक्या याच क्षणी घरातील कोणीतरी ‘बघा, कसा गोड नाचतो’ असे म्हणून टाळ्या वाजवते.

टाळ्यांनंतर हल्ला येतो, आणि तो बहुधा पाठ फिरल्यावर येतो. मागच्या बाजूला कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या गाउनचा घोळ, गॅसची टाकी खांद्यावरून उतरवताना दोन्ही हात गुंतलेल्या माणसाची पोटरी आणि पळणाऱ्या मुलाची टाच ही त्याची आवडती लक्ष्ये होत, कारण फडफडणारे आणि पळणारे ते सर्व त्याला पराभूत वाटते. यावर घराघरांत जे उपाय योजले जातात ते दोन प्रकारांत मोडतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला उपाय पळण्याचा. पळणारा माणूस स्वतःची सुटका करून घेतो असे त्याला वाटते. कोंबड्याच्या वहीत मात्र ती एका विजयाची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी तो पुढचे पान उघडतो. दुसरा उपाय लाथेचा, चपलेचा किंवा केरसुणीचा. लाथ हीच कोंबड्याची मातृभाषा असल्यामुळे त्या भाषेत कोणी दोन शब्द बोलले की त्याला परक्या मुलखात गाववाला भेटल्याचा आनंद होतो आणि तो सविस्तर उत्तर देतो. अंगणात स्टीलची परात ढालीसारखी धरून उभा असलेला, शिकलासवरलेला, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ आणि त्याच्यापुढे अडीच किलो वजनाचा प्रतिपक्ष, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना युद्ध आणि कुक्कुट यांचा संबंध वेगळा सांगावा लागत नाही.

खरा उपाय ‘काखोटीस मारणे’ या वाक्प्रचारात पूर्वीपासून दडलेला आहे. नाच सुरू होताच मागे न सरता, हात न उगारता, डाळीचा डबा आणायला निघावे इतक्या सहजपणे त्याच्याच दिशेने दोन पावले चालत जावे. पंख मिटलेले राहतील असा त्याला दोन्ही हातांनी उचलावा, आणि पाय खाली लोंबते ठेवून काखेत घ्यावा. पहिली काही मिनिटे तो धडपडतो. ती धडपड ओसरेपर्यंत त्याला खाली सोडायचे नसते, कारण धडपडताना सुटलेल्या कोंबड्याची ठाम समजूत होते की सुटका आपण मिळवली. मग गृहस्थाने आपली कामे चालू ठेवावीत: एका काखेत कोंबडा आणि दुसऱ्या हातात पाण्याची नळी असे कढीपत्त्यापासून जास्वंदीपर्यंत हिंडावे, फाटकाशी आलेल्या माणसाशी पाणीपट्टीविषयी बोलावे, आणि या सगळ्या काळात काखेतल्या प्राण्याचा उल्लेखही करू नये. कोंबड्याला सर्वांत जास्त लागते ते हेच. मारले असते तर तो शत्रू ठरला असता, कुरवाळले असते तर वाटेकरी ठरला असता. परंतु सगळ्या कोंबड्यांदेखत पिशवीसारखे वागवले जाणे याला त्याच्या शास्त्रात उत्तर नाही. दहा-पंधरा मिनिटांनी त्याची मान हळूहळू खाली येते, डोळ्यावर पातळ पडदा ओढला जातो, आणि जमिनीवर ठेवल्यावर तो पिसे झाडून, जणू काही जास्वंदीची पाहणी आपणच केली अशा थाटात, दुसऱ्या दिशेला निघून जातो. हे दोनतीन आठवडे रोज करावे लागते. चिकाटीचा प्रश्न असल्यामुळे बहुतेक घरांत आधी माणूस माणसाळतो आणि मग कोंबडा.

हा मार्ग का चालतो हे कळण्यामागे एका नॉर्वेजियन मुलाचा रिकामपणा आहे. थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोण निमूट टोचून घेते याच्या नोंदी त्याने ठेवल्या, आणि १९२०च्या दशकाच्या आरंभी त्याने दाखवून दिले की कळपात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एक पक्की पायरी ठरलेली असते. तिला मराठीत चोचीची उतरंड म्हणता येईल. मडक्यांच्या उतरंडीप्रमाणे येथेही भार खालच्यावर येतो आणि मधले एखादे हलले की सगळ्यांचा आवाज होतो. एकदा पायरी ठरली की भांडण जवळजवळ थांबते; लग्नाच्या पंगतीत मानाचा पाट कोणाचा हे ठरलेले असले की जेवणे शांतपणे होतात तसेच हे आहे. त्याच नागोयातील मंडळींनी २०१५ मध्ये असेही दाखवले की पहाटे पहिली बांग सर्वांत वरच्या पायरीच्या कोंबड्याची असते आणि बाकीचे आपापल्या क्रमाने मागून आरवतात. तो गप्प असेल तर पुढचा मान दुसऱ्याला मिळतो. म्हणून पोरवयाच्या नराला खोक्यात एकटे न वाढवता जाणत्या कोंबड्यांत, आणि शक्य असल्यास एखाद्या पोक्त कोंबड्याच्या हाताखाली वाढवणे इष्ट असते. दाणे खाताना मध्येच घुसलेल्या या बाळाला चार पोरांची आई असलेली कोंबडी डोक्यावर जो एक टोला देते, त्यात जितके संस्कार असतात तितके माणसाच्या महिनाभराच्या गोंजारण्यात नसतात.

या सर्व विद्येचा कोणताही भाग न शिकता जिला कोंबडा कधी टोचत नाही अशी एक व्यक्ती बहुतेक घरांत असते, आणि ती आजी असते. सून पळते, मुलगा परात धरतो, नातू झाडावर चढतो. आजी मात्र त्याच अंगणातून त्याच वेळी सुपातली कणी पाखडत जाते आणि कोंबडा बाजूला होऊन वाट देतो. कारणे शोधली तर ती अगदी साधी आहेत. ती सावकाश चालते, म्हणून पळणारे असे तिच्यात काही नसते. ती कोंबड्याकडे पाहत नाही, कारण तिचे लक्ष कणीत असते. त्याने नाच सुरू केला तर ती न थांबता, आवाज न चढवता ‘हाड’ म्हणते आणि त्याच्या जागेवरूनच पुढे जाते, त्यामुळे जागा सोडणे त्याला भाग पडते. आणि दाणे तिच्याकडून येतात. भीड म्हणजे काय हे कोंबड्याला तिने कधी शिकवलेले नसते. तिने फक्त सासू म्हणून मिळवलेला अनुभव अंगणात तसाच पुढे चालू ठेवलेला असतो.

आता एक विसंगती नोंदवणे प्राप्त आहे. झुंजीसाठी शतकानुशतके पैदास केलेली ‘असील’ ही भारतीय जात इतर नरांच्या बाबतीत कमालीची खुनशी असली तरी माणसाच्या हाती पुष्कळदा गरीब असते. झुंजविणाऱ्यांना कोंबडा रोज हाताळावा लागतो, त्याचे अंग चोळावे लागते, वजन करावे लागते. मालकालाच फाडणारा कोंबडा त्यांच्या कामाचा नसतो, आणि पैदाशीसाठीही ते तो राखत नाहीत. ‘असील’ हा अरबी शब्द कुलीन, मूळचा या अर्थाचा, आपल्या ‘अस्सल’चा भाऊबंद, आणि वकिलाकडे येणारा ‘अशील’ही त्याच घरातला. दोघांमधील साम्य शब्दापुरते थांबत नाही: झुंज त्यांच्या नावाने लागते, पिसे त्यांची जातात आणि शेजारी उभे असलेले लोक पैसे मिळवतात. गडचिरोलीकडे ज्याला कोंबडबाजार म्हणतात त्या झुंजींत पायाला लोखंडी काती बांधतात, म्हणजे चरणायुधाला आणखी एक आयुध देतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याने प्राणी झुंजवणे हा गुन्हा ठरवला असल्यामुळे पोलीस धाड घालतात, आणि पंचनाम्यात मोटारसायकली व रोख रकमेबरोबर जप्त कोंबडेही नोंदले जातात. त्या जप्त कोंबड्यांना रात्रभर कोठे आणि एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायचे, हा प्रश्न ठाण्याच्या इमारतीचा आराखडा काढणाऱ्याने विचारात घेतलेला नसतो.

घरच्या कोंबड्याकडे परत यायचे तर त्याच्या उद्धटपणाची बरीचशी कारणे कोंबड्यांशी निगडित असतात. एका नरामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात असा साधारण संकेत आहे. दोन नर आणि तीन कोंबड्या अशी गृहरचना असेल तर शांततेची अपेक्षा करणे हा मालकाचा भोळेपणा होय. त्याच्यादेखत कोंबडीला झडप घालून धरू नये, कारण तिचा ओरडा ऐकून तो जे करतो ते त्याचे कर्तव्य असते. तिला धरायचेच असेल तर अंधार पडल्यावर खुराड्यातून काढावी. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही, आणि दिवसा सिंहासारखा वागणारा नरही रात्री दांडीवरून वांगे तोडावे तसा उचलता येतो. लसीकरण, पाय तपासणे, काट्याचे टोक कानशीने बोथट करणे ही कामे त्यामुळे रात्रीच उरकावीत. काटा म्हणजे पायाच्या मागच्या बाजूस वाढणारे, आत हाड आणि वर शिंगासारखे कवच असलेले टोक. पोरवयात तो नुसता गाठीएवढा असतो, म्हणून संस्कारांची मुदत तो वाढण्यापूर्वीची आहे.

हातावर दाणे खायला घालावेत की नाही याविषयी जाणत्यांत एकमत नाही. वस्तुतः चांगला कोंबडा सापडलेला घास बहुधा स्वतः खात नाही. त्याला अळी किंवा पडलेला भात सापडला की तो जिन्नस चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो, घशातून ‘टुक टुक टुक’ असा घाईचा, मृदू आवाज काढतो आणि कोंबड्या धावत आल्या की बाजूला उभा राहून त्यांना खाताना पाहतो. चाणक्यनीतीत कोंबड्याकडून शिकण्याजोग्या ज्या चार गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत वेळेवर उठणे, लढणे आणि स्वतःच्या पराक्रमाने मिळवून खाणे यांच्याबरोबर आप्तांत वाटून खाणे हीदेखील आहे. माणसाने कोंबड्याकडून लढणे शिकावे असे सुचवणाऱ्या ग्रंथाने कोंबड्याने माणसाकडून काय शिकावे याची यादी दिलेली नाही, यावरून ग्रंथकाराचा माणसांचा अनुभव लक्षात येतो.

काखोटीतून, आजीच्या ‘हाड’मधून आणि उतरंडीतून वर्षभर गेलेला कोंबडा जेव्हा खरोखर भिडस्त होतो, तेव्हा तो फाटकाशी आलेल्या माणसाला वाट देतो, मुलांच्या पायांतून मान खाली घालून जातो आणि हाक मारली की धावत येतो, आणि या शेवटच्या गुणामुळे तो आषाढी अमावास्येला, म्हणजे श्रावणापूर्वी सामिष भोजनाची भरपाई करून घेण्याच्या त्या दिवशी, अंगणातील सर्वांत सहज पकडता येणारा कोंबडा ठरतो. टोचणारा असता तर निर्णय सोपा झाला असता. घरात सकाळी त्यावर थोडी कुजबूज होते, कोणीतरी सुरीचा विषय काढतो, नातू ‘चिंगी’ म्हणून रडू लागतो, आणि अखेर निवृत्त गृहस्थ पिशवी घेऊन नाक्यावरच्या दुकानाच्या रांगेत उभा राहतो आणि साल काढलेली ब्रॉयलर कोंबडी वजनावर घेऊन येतो. दुपारी आजी मागच्या पायरीवर बसून त्या रश्श्यासाठी कोथिंबीर निवडते आणि काड्या अंगणात टाकते. कोंबडा येतो, एक काडी उचलतो, पुन्हा खाली टाकतो, आणि मान वाकवून, टुक टुक करत, कोंबड्यांना जेवायला बोलावतो.